साडेएक्क्याऐंशी किलो

‘थांब तिथंच! हात दे इकडं.’

शैलजा थांबली. धापा टाकत नव्हती, पण बोलायला एक श्वास जास्त लागत होता. मला हवं होतं तसंच. मी तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि घड्याळाकडं पाहिलं. पंधरा सेकंदांत एकोणतीस ठोके. म्हणजे मिनिटाला एकशे सोळा.

‘झकास. आता काट्यावर उभी राहा.’

वजनकाटा खेळाच्या सामानाच्या खोलीत, दाराशीच ठेवलेला असायचा. शैलजा चपला काढून चढली. साडेएक्क्याऐंशी.

‘अगं बाई, परत तेवढंच!’

‘होय की ओ बाई,’ ती म्हणाली आणि खाली उतरली. ‘काय करायचं आता?’

सातवा शनिवार होता तो. सात आठवडे ही बाई रविवार सोडून रोज सकाळी सहाला मैदानावर येत होती, पाऊण तास चालत होती, आणि काटा जागचा हलायला तयार नव्हता. तीन महिन्यांत बारा किलो उतरायला हवं होतं. हौस म्हणून नव्हे. शैलजाच्या थोरल्या भावाचं, बसवराज तोडकरचं लिव्हर निकामी झालं होतं, आणि तिच्या लिव्हरचा तुकडा त्याला बसवायचा होता. तपासण्या झाल्या, सगळं जुळलं, पण तिच्या लिव्हरवर चरबी निघाली. चरबी उतरल्याशिवाय पुण्याचे डॉक्टर हात लावणार नव्हते.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा नुकतीच रिटायर झाले होते. तासगावच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं पी.टी. शिकवली. कारदगेबाई म्हटलं की अजूनही पन्नाशीच्या बायका पाठ सरळ करून बसतात. आवाज मोठा, तोंड फटकळ, त्याला इलाज नाही. रिटायर झाल्यावर घरी करमेना, म्हणून शाळेच्याच मैदानावर सकाळचा बायकांचा वर्ग सुरू केला. पैसे घेत नव्हते, त्यामुळं मला कुणालाही काहीही बोलायची मुभा होती.

शैलजाला माझ्याकडं घेऊन आल्या त्या तिच्या आई. सगळं गाव त्यांना अव्वा म्हणायचं. तोडकर म्हणजे बेदाण्याचे मोठे व्यापारी, आणि नवऱ्यामागं घराची सूत्रं अव्वांच्या हातात. त्या दिवशी माझ्या बाहेरच्या खोलीत चौघं आली होती. अव्वा मधल्या खुर्चीत. बसवराज दाराजवळ, पंचेचाळिशीचा माणूस पण डोळे हळदीसारखे पिवळे. दारूचा थेंब कधी घेतला नाही त्यानं, जुन्या काविळीनं आतून पोखरलं होतं. त्याची बायको महादेवी औषधांची पिशवी मांडीवर धरून बसली होती. आणि शैलजा, माझी जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन गावातच दिलेली, भिंतीला टेकून.

‘बाई, अख्ख्या गावाच्या पोरी पळवल्या तुम्ही. हिला पळवा,’ अव्वा म्हणाल्या. ‘बारा किलो उतरवून द्या, माझा बसू वाचतोय.’

‘उतरतंय की! न उतरायला काय झालं?’ मी म्हणाले. शैलजाचं वय विचारलं, अडतीस. उंची विचारली, वजन विचारलं, जुनी दुखणी विचारली. ‘उद्यापासून सहाला ये,’ म्हणून सांगितलं. चहा झाला आणि मंडळी गेली.

पहिल्या दिवशी शैलजा सुटलीच. दोन फेऱ्यांत नाडी एकशे अडुसष्ट.

‘ए! मागं कुत्रं लागलंय का?’ मी ओरडले.

‘जोरात पळालं की जोरात उतरतं ना, बाई?’

सगळ्यांना असंच वाटतं. छाती फुटेस्तोवर पळणारी बाई दहा मिनिटांत खाली बसते आणि तिसऱ्या दिवशी यायची बंद होते. माझी रीत साधी होती. दोनशे वीसमधून वय वजा करायचं, उरेल त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांत नाडी ठेवायची आणि न थांबता चालत राहायचं. शैलजाच्या वयाला एकशे दहा ते एकशे पंचवीस. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. असं पाऊण तास, रोज. खाणं आवरलं तर आठवड्याला किलोभर निघतं, आणि निघालेलं परत येत नाही.

तिला एक वही करायला लावली. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीची नाडी तिनं स्वतः मोजून लिहायची. मैदानावरची मी लिहायची. शनिवारी वजन.

सातव्या शनिवारी ती वही मी घरी घेऊन आले. दुपारी जेवण झाल्यावर चष्मा लावून बसले. बाईसाहेब कुठंतरी चोरून पडी मारतात, चालल्यासारखं दाखवतात, असं माझं ठाम मत झालं होतं. पण आकडे काही निराळंच सांगत होते. उठायच्या आधीची नाडी अठ्ठ्याऐंशीवरून शहात्तरवर आली होती. बरं, ती तिनं लिहिलेली, खोटी असेल. पण मैदानावरची माझ्या बोटांखालची होती. पहिल्या आठवड्यात साध्या चालीला एकशे वीस व्हायची, आता तेवढी चढवायला तिला झपाझप चालावं लागत होतं. आधी थांबल्यावर मिनिटभरात जेमतेम दहा-बारानं उतरायची, आता तिसानं उतरत होती. हे हृदय रोज कामाला लागलेलं होतं. इथं आळस नव्हता.

मग वजनाचा रकाना पाहिला. साडेएक्क्याऐंशी. एक्क्याऐंशी सहाशे. एक्क्याऐंशी चारशे. साडेएक्क्याऐंशी. मधे गौरी-गणपती येऊन गेले, पितृपंधरवडा येऊन गेला, तिला दोन दिवस ताप येऊन गेला. काट्याला कशाचा पत्ताच नाही.

मी वही मिटली आणि तिला फोन केला. ‘उद्या ये. वर्ग नसला तरी ये.’

रविवारी मैदान रिकामं होतं. मी तिला सामानाच्या खोलीत गादीवर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसले.

‘काय काय खातेस?’

‘तुम्ही लिहून दिलंय तेवढंच.’

‘शैले, मला शिकवू नकोस. ज्याला खाणं आवरत नाही त्याचं वजन वर-खाली होतं. सणाला चढतं, तापात उतरतं. तुझं सात आठवडे एका जागी उभं आहे. असं उभं ठेवायला अक्कल लागते. कसं करतेस ते सांग.’

ती गादीच्या फाटक्या कडेतून काथ्या उपसत होती. मी तिला उपसू दिला.

‘घरी काटा आणलाय,’ ती शेवटी म्हणाली. ‘रोज संध्याकाळी बघते. कमी दिसलं की तूप-साखर-पोळी खाते. कधी दोन, कधी तीन. आता साखर बघितली तरी मळमळतं, बाई. पण खाते.’

‘आणि कशासाठी हे?’

‘मला नाही द्यायचं.’

मला राग आला. खोटं कशाला सांगू? एक सणसणीत ठेवून द्यावी असं वाटलं. तो माणूस तिकडं दिवस मोजतोय आणि ही इकडं तुपात पोळ्या बुडवतेय.

‘भाऊ आहे ना गं तो तुझा?’

‘दादा माझा जीव आहे,’ ती म्हणाली. ‘लहानपणी गोवरात माझ्या उशाशी बसून असायचा तो. मला काय कळत नाही होय? पण राधाच्या वेळी माझं पोट उघडलं, तेव्हा रक्त थांबेना. शुद्धीवर आले तो चौथा दिवस होता. राधा नऊ वर्षांची आहे आता. परत त्या टेबलावर झोपायचं म्हटलं की हातपाय गार पडतात माझे. रात्री घाम फुटतो.’

‘मग तसं सांगायचं!’

‘कुणाला सांगू? मला विचारलंय कुणी? रिपोर्ट जुळले म्हटल्यावर अव्वानं देवापुढं साखर ठेवली, गल्लीत वाटली. डॉक्टरांनी एकटीला बोलावून विचारलं, मनानं देताय ना? दाराबाहेर अव्वा बसलेली. मी होय म्हटलं. मग तुमच्याकडं आणलं.’ तिनं वर पाहिलं. ‘तुम्ही वय विचारलं, उंची विचारली, दुखणी विचारली. द्यायचंय का, हे तुम्ही तरी विचारलं का, बाई?’

एकतीस वर्षांत माझ्या तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. आणि ती म्हणाली ते खरं होतं. माझा राग जागच्या जागी बसला आणि मला लाज वाटली.

‘मग चालायला कशाला येतेस? घरी झोपली असतीस तरी वजन राहिलं असतं की.’

‘चालायला आवडतं मला,’ ती म्हणाली. ‘पाऊण तास कुणी हाक मारत नाही.’

बाहेर माळी पाइप ओढत होता. मी उठून दार लावून घेतलं.

‘पुढं काय ठरवलंयस?’

‘तीन महिने संपले की डॉक्टर म्हणतील, जमत नाही. कुणाला दोष लागायचा नाही. वजनाला लागेल.’

‘आणि तोवर तुझा दादा तुझ्या वजनाकडं डोळे लावून बसणार. तू आहेस म्हणून दुसरं कुणी शोधणार नाहीत. नाही म्हण, शैले. मी तुला वाईट म्हणणार नाही, कुणी म्हटलं तर त्याला बघून घेईन. पण उद्या म्हण. पाच आठवड्यांनी म्हणशील तेव्हा त्याच्याकडं दिवस राहिले नसतील.’

ती रडली. हुंदके देऊन, नाक शिंकरत, लहान पोरीसारखी रडली. मी तिला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवणं मला कधी जमलं नाही, त्या दिवशीही जमलं नाही.

‘तुम्ही याल बरोबर?’

‘येते. पण बोलायचं तू.’

सोमवारी नऊ वाजता आम्ही तोडकरांच्या घरी गेलो. बसवराज बाहेरच्या खोलीत कॉटवर होता. दोन महिन्यांत पोट पाण्यानं टरारलं होतं आणि हात काडीसारखे झाले होते. अव्वा पायथ्याशी बसल्या होत्या. महादेवी आत चहा टाकत होती.

‘किती उतरलं, बाई?’ बसवराजनं मला विचारलं.

मी शैलजाकडं पाहिलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

‘उतरलं नाही, दादा,’ ती म्हणाली. ‘मी उतरू दिलं नाही. मुद्दाम. मला भीती वाटते. मला नाही जमायचं.’

अव्वा उठल्या.

‘काय बोलतीस? डोकं फिरलंय का तुझं? सख्खा भाऊ मरायला लागलाय आणि भीती वाटती?’

‘अव्वा, ऐकून तर घे…’

‘काय ऐकू? तुला लहानाची मोठी केली ती यासाठी? जीव घे त्याचा, घे! आणि परत या घराचा उंबरा चढू नकोस.’

‘राहू दे अव्वा,’ बसवराज म्हणाला. शैलजानं त्याच्या पायाला हात लावला, त्यानं पाय ओढून घेतला. मग तो भिंतीकडं तोंड करून वळला. त्याला वळायलाही त्रास होत होता, पण तो वळला. तेवढं पाहून शैलजा दाराकडं निघाली.

महादेवी चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं ट्रे खाली ठेवला.

‘माझं चालेल काय ओ, बाई?’ तिनं विचारलं. अव्वांना नव्हे, मला.

‘काय?’

‘लिव्हर. माझं रक्त ओ पॉझिटिव्ह आहे, थोरल्याच्या बाळंतपणाच्या कागदावर लिहिलंय. ओ सगळ्यांना चालतं असं तिथल्या सिस्टर म्हणाल्या होत्या. पण लिव्हर रक्ताच्या माणसाचंच लागतं ना? मी परक्या घरची.’

‘कुणी सांगितलं तुला? बायकोचंसुद्धा चालतं. तपासायला हवं, पण चालतं.’

‘तू गप्प बस,’ अव्वा म्हणाल्या. ‘तू आडवी पडलीस तर घर कोण बघणार? पोरांचं कोण करणार? ह्याचं पथ्यपाणी कोण करणार?’

‘हेच राहिले नाहीत तर पथ्य कुणाचं करू, अव्वा?’ महादेवी म्हणाली. अगदी खालच्या आवाजात. ‘पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, घरात देणारं कोण आहे. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही सांगितलंत, बहीण आहे. मला वाटलं, नियमच असेल तसा.’

बसवराजनं मान वळवली आणि बायकोकडं पाहिलं. अव्वा मटकन खाली बसल्या. चहा कुणीच घेतला नाही.

सव्वीस दिवसांनी पुण्यात ऑपरेशन झालं. महादेवी पन्नास किलोची, सडपातळ बाई. तिच्या लिव्हरवर चरबीचा मागमूस नव्हता. शैलजाला कुणी कळवलं नाही, मलाच बाहेरून समजलं आणि मी तिला सांगितलं. त्या सकाळी चालायच्या आधीच तिची नाडी एकशे चौतीस होती. मी तिला चालू दिलं नाही. ती साडेदहापर्यंत पायरीवर बसून राहिली, तिच्याबरोबर मीही बसले. मग दोघीही आपापल्या घरी गेलो. ऑपरेशन संपलं तेव्हा अंधार पडला होता. नवरा-बायको दोघंही जगली.

माहेर तुटलं ते तुटलंच. शैलजानं राखी पाकिटातून पाठवली, दिवाळीत राधाच्या हाती फराळाचा डबा पाठवला. डबा रिकामा करून परत आला, निरोप आला नाही. मैदान मात्र तिनं सोडलं नाही. आणि आता तूप-साखरेचं कारण उरलं नव्हतं. काटा असा काही घसरायला लागला की बघत राहावं. पहिल्या महिन्यात चार किलो, सहा महिन्यांत चौदा. इतर कुणी असती तर गावभर मिरवली असती. ही ढगळ ब्लाउज पिना लावून घालायची, शिवून घट्ट करून घ्यायची नाही. मंडईत कुणीतरी ऐकवलंच तिला, ‘बघा, आता बरं उतरलं!’ त्यानंतर तिनं मला शनिवारचं वजन बंद करायला सांगितलं. मी बंद केलं. नाडी तेवढी बघत राहिले.

ऑपरेशननंतर चौदा महिन्यांनी एका सकाळी मैदानाच्या फाटकाशी मोटरसायकल थांबली. महादेवी चालवत होती, मागं बसवराज. तोंडाला मास्क, अंगात स्वेटर, डोळे पांढरे स्वच्छ.

‘डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, बाई,’ तो म्हणाला. ‘तुमच्याकडं येऊ का?’

‘मैदान शाळेचं आहे, माझ्या बापाचं नाही. या.’

शैलजा तेव्हा लांबच्या कोपऱ्यावर होती. तिला दिसलं, मला कळलं, कारण तिची चाल चुकली. मी बसवराजला मुद्दाम उलट्या दिशेनं सोडलं, म्हणजे रोज एकमेकांच्या तोंडावरून जावं लागेल. हा माझा आगाऊपणा, कबूल करते. पण ती दोघं कसली ऐकतात! समोरासमोर आली की एक झाडांकडं बघायचा आणि दुसरी घड्याळाकडं. चार दिवस हेच चाललं.

पाचव्या दिवशी अर्ध्या फेरीत बसवराज थांबला. वळला आणि शैलजाच्या मागं, तिच्याच दिशेनं चालू लागला. ती कुठली सापडणार त्याला! दीड वर्ष कसलेली बाई ती, तिची साधी चाल म्हणजे त्याची धाव. अंतर वाढतच गेलं. माझ्यासमोर आला तेव्हा तो घामाघूम झाला होता. मी त्याला थांबवणार, तेवढ्यात त्यानं मास्क खाली ओढला.

‘शैले!’ तो ओरडला. ‘हळू चाल की गं. मला गाठायला येईना झालंय.’

ती उभी राहिली. मागं वळली नाही, नुसती उभी राहिली. तो पोचल्यावर दोघं चालू लागली. पहिली फेरी मुकाट्यानं. दुसऱ्या फेरीत त्यानं काहीतरी विचारलं आणि तिनं मान हलवली. तिसऱ्या फेरीत माझ्याजवळून गेली तेव्हा राधाच्या शाळेबद्दल काहीतरी कानावर पडलं. चौथ्या फेरीनंतर मी शिट्टी दिली.

आधी त्याची नाडी बघितली. एकशे बारा. मग शैलजानं हात पुढं केला. मी मोजली, विश्वास बसेना म्हणून परत मोजली. ब्याऐंशी.

‘आज तुझा व्यायाम झालाच नाही,’ मी म्हणाले.

‘नाही झाला, बाई,’ ती म्हणाली. तिनं हात काढून घेतला नाही आणि घरीही निघाली नाही. दादाचा दम खाली बसेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.